बावन्न पॉइंट चार

"थांबा! एक इंचही पुढे घेऊ नका!"

मी ओरडले तेव्हा आमच्या मरोळच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर एक निळी, दोन सीटची स्पोर्ट्स कार पोट टेकून अडकली होती. मागे रिक्षांची रांग, आणि सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले. मी गॅरेजमधून दोन फळ्या आणल्या आणि चाकांखाली सरकवल्या.

"हळू... अजून हळू... हां, आता सोडा."

गाडी सुटली. आतून एक घामाघूम मुलगा उतरला आणि माझ्या मागे बघत म्हणाला, "थँक्यू हां. मेकॅनिक कुठेयत?"

"फळ्या कुणी लावल्या?"

तो असा काही ओशाळला की मला हसूच आलं.

तो सिद्धेश. मुलुंडला राहायचा, गोरेगावच्या एका स्टुडिओत साउंडचं काम करायचा. गॅरेज माझ्या पप्पांचं, पण सस्पेन्शनचं काम माझ्याकडे. पप्पांचा एक कडक नियम होता. गिऱ्हाइकाच्या सीटवर आपण बसायचं नाही. आपले कपडे तेलाचे, डाग पडतात. गाडी आत-बाहेर त्यानंच करायची.

पुढच्या आठवड्यात त्यानं अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन बसवून घेतलं. यात गाडीची उंची पान्यानं कमी-जास्त करता येते, आणि शॉकअपचा नॉब फिरवला की गाडी कडक किंवा मऊ होते. एकूण बत्तीस क्लिक. शेवटी चारी चाकांखाली वजनकाटे ठेवायचे, सीटवर बसणाऱ्याच्या वजनाइतकी वाळूची पिशवी ठेवायची आणि गाडीचा तोल साधायचा.

काटे बरोबर आहेत का हे बघायला मी आधी स्वतः उभी राहते. स्क्रीनवर आकडा आला, ५२.४.

"ओ, तिकडे काय बघताय? मुलींचं वजन बघतात का असं?"

"मी काटा बघत होतो," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला. "दर्शना, एक क्लिक मऊ कर ना." पुढच्या शनिवारी, "एक क्लिक कडक कर यार, फार झुलते." एका क्लिकचा फरक बसणाऱ्याला कळत नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तरी मी नॉब फिरवायचे आणि तो गंभीर चेहऱ्यानं गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारून यायचा.

"कशी वाटते?"

"झकास. तुझ्या हातात जादू आहे गं."

"जादू नाही, सोळा नंबरचा पाना आहे."

शुक्रवारी रात्रीच मी केस धुवायला लागले होते. गॅरेजमध्ये काम करणारी मुलगी शनिवारसाठी केस धुते... माझं मलाच हसू यायचं. मी प्रेमात पडले होते, दुसरं काय!

मग दिवाळीच्या आधीचा शनिवार आला. पप्पा शेजारच्याच गाडीखाली झोपून काम करत होते. सिद्धेश आला, तो आज हसत नव्हता.

"गावी जायचंय, मालवणला. आईला भेटायला," तो म्हणाला. "एकटा नाही जाणार. दोघांचं सेटिंग कर."

मी हात फडक्याला पुसले. "बाजूच्या सीटवर... वजन किती धरू?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "बावन्न पॉइंट चार."

शेजारी पप्पांचा पाना थांबला. निदान मला तरी तसं वाटलं. मी कोपऱ्यातून रिकामी पिशवी घेतली आणि वाळू भरायला बसले. बावन्न किलो फावड्यानं भरली. वरचे चारशे ग्रॅम चहाच्या चमच्यानं. एक चमचा जास्त झाला तो काढला, पुन्हा थोडी घातली. इतक्या निगुतीनं मी आयुष्यात काही केलं नव्हतं. तो समोर उभा होता. मला वाटलं, त्याला दिसतंय. चमच्यानं कोण वाळू भरतं? हाच माझा होकार होता.

मी पिशवी त्याच्या बाजूच्या सीटवर ठेवली.

"तू नाही बसणार?" त्यानं हळूच विचारलं.

"गिऱ्हाइकाच्या सीटवर आम्ही बसत नाही," मी म्हणाले. पप्पा होते ना तिथे. आणि खरं सांगायचं तर थोडा भावही खाल्ला. बाहेर जाऊन पुन्हा विचारेल, नीट, तोंडानं विचारेल, अशी माझी खात्री होती.

त्यानं पिशवीकडे बघितलं. मग "ओके" म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. त्यानं विचारायला हवं, हा माझा हट्ट. पिशवी मी कोपऱ्यात ठेवली, तिच्यातली वाळू कुणाला काढू दिली नाही.

तीन वर्षांनी, गेल्या महिन्यात, तीच निळी गाडी दारात उभी राहिली. बाजूच्या सीटवरून एक हसऱ्या चेहऱ्याची मुलगी सावकाश उतरली. पाचवा महिना असावा.

"ही प्रांजल," सिद्धेश म्हणाला. "माझी बायको. खड्ड्यांनी हिची कंबर जाते गं. होईल तेवढी मऊ करून दे."

प्रांजल हात धुवायला मागे गेली. तेवढ्यात त्याला कोपऱ्यातली पिशवी दिसली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ५२.४.

"अजून आहे?" तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "त्या दिवशी तू पिशवी ठेवलीस ना... मला कळलं, तुझा नकार आहे. बरोबर कळलं ना मला?"

वरचे चारशे ग्रॅम मी चमच्यानं भरले होते रे... अगदी ओठांवर आलं. मागच्या नळाचं पाणी बंद झाल्याचा आवाज आला. आता सांगून काय होणार होतं? तो घरी जाऊन झोपला नसता, आणि तिची काय चूक?

"बरोबर कळलं तुला," मी म्हणाले.

त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला. मला रडू येत होतं, मी पाना शोधायचं निमित्त केलं.

प्रांजल पदराला हात पुसत आली. "वजनासाठी पिशवी ठेवणार की मी बसू?"

"बसा ना ताई," मी म्हणाले. "माणूस असताना पिशवी कशाला?"

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. सिद्धेशनं मान वळवली.

मी गाडी दोन बोटं वर घेतली. तिच्या बाजूचा नॉब एकेक क्लिक मोजत पार शेवटपर्यंत मऊ केला. त्या कामात मी जराही कसर ठेवली नाही.

"दोन महिन्यांनी परत आणा," मी तिला सांगितलं, "वजन वाढेल तुमचं, पुन्हा सेट करून देईन."

ते निघाले. सवयीनं मी फळ्या उचलल्या आणि स्पीडब्रेकरपाशी जाऊन उभी राहिले. गाडी हळूच चढली, हळूच उतरली, कुठेही टेकली नाही. प्रांजलनं खिडकीतून हात हलवला.

फळ्या लागल्याच नाहीत. मी त्या परत आत नेऊन ठेवल्या.