यादीतली चौथी ओळ

दाराच्या टपालफटीची झडप खट्कन वाजली. माझ्या चेत्तीनाचा खोकला नुकता कुठे थांबला होता. पाच वर्षांच्या बरगड्यांचा तो इवलासा पिंजरा माझ्या मांडीवर वरखाली होत होता.

फॉर्म आला होता. मेलबर्नच्या आमच्या गल्लीत तो सगळ्यांकडे येतो. मोटार कारखान्याच्या धुराड्यातून रंग उडतो, थिनरचा गोडसर वास घरभर बसतो आणि सकाळी गाड्यांवर, वाळत घातलेल्या चादरींवर बारीक निळे ठिपके दिसतात. मग कंपनी विचारते, काय खराब झालं? गाडी घासून देतात. बाकीचं घेऊन जातात आणि नवं आणून देतात.

तिला घेऊन मी अंगणात बसले आणि लिहिलं : गाडी. दोन चादरी. लिंबाची कुंडी.

शेजारची कार्मेनमावशी कुंपणावरून वाचत होती.

"आणि हिची छाती?" मी म्हटलं.

"हिला चार चाकं असती तर एव्हाना माणूस आला असता, बाई."

ती हसली. मला हसता येईना. डॉक्टर म्हणतो, ॲलर्जी. कंपनी म्हणते, धूर मर्यादेत. माझ्या लेकीचा श्वास कुणाच्याच मर्यादेत बसत नव्हता. चौथ्या ओळीत मी दाबून लिहिलं : चेत्तीना. खाली सही ठोकली.

मावशीचं हसू गेलं. "खोड ते. असल्या कागदावर पोराचं नाव घालू नये."

"वाचू देत. लाज तरी वाटेल."

गुरुवारी दुपारी माणूस आला. राखाडी डगला, स्वच्छ नखं. त्यानं गाडी आरशासारखी केली. कोऱ्या चादरी दिल्या, कुंडी बदलली. एकेका ओळीवर खूण केली.

चौथ्या ओळीवर खूण आधीच होती.

"हे काय?"

"ते सकाळीच झालं, बाई." त्यानं वर पाहिलंही नाही. "सही तुमचीच ना?"

सकाळी ती परसात खेळत होती. मी फक्त दूध उतरवायला आत गेले होते.

मी धावले.

चेत्तीना टेबलाशी तेल-टोमॅटोचा पाव खात होती. मी तिच्या छातीला कान लावला. घरघर नाही. शिट्टी नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मला रडू यायला हवं होतं, आनंदानं.

ती हसली. रविवारी पडलेला दात जागेवर होता.

"आई," तोंड पुसत तिनं विचारलं, "जुनं ते कुठे नेतात?"