ठमीचा न हसणारा फोटो

पोहायला उतरताना माणसं चष्मा काढून ठेवतात. मास्तर विसरायचा. निदान पहिल्या खेपेला तरी तो खराच विसरला होता, असं मानायला जागा आहे.

तलावावर मुलांना पोहायला शिकवणारा हा उंच माणूस एका संध्याकाळी ओल्या केसांनी चष्म्याच्या दुकानात शिरला आणि दाराजवळच्या आरशावर जाऊन आदळला. "माफ करा हं," तो आरशातल्या माणसाला म्हणाला. तेही चक्क मराठीत.

मागच्या टेबलावर काचा बसवणारी ती फस्सकन हसली. परक्या मुलुखात वर्षानुवर्षं राहायचं, दिवसभर परकी भाषा बोलायची, आणि एकदम असं काही कानावर आलं की हसू आवरत नाही.

"तो आरसा आहे," ती मराठीतच म्हणाली. "इकडे या. आणि चष्मा कुठेय?"

त्यानं खिशातून दोन तुकडे काढले. "पाण्यात पडला. मग मी शोधायला गेलो, आणि... त्याच्यावरच उभा राहिलो."

"चष्मा घालून पाण्यात उतरता?"

"विसरलो. आणि न घालता उतरलो तर मुलं दिसत नाहीत."

तिनं चष्मा जोडून दिला. आठवडा गेला न गेला, स्वारी पुन्हा हजर. मग पुन्हा. चौथ्या खेपेला मात्र तिनं काडी उजेडात धरून नीट पाहिली. तिचे आबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले, बारीक स्क्रू ओळखणं तिच्या रक्तातच होतं.

"हा स्क्रू आपोआप निघालेला नाही. कुणीतरी सुरीच्या टोकानं काढलाय."

"तलावात... मासे झालेत हल्ली."

"सुरीवाले?"

"फार हुशार मासे आहेत," मास्तर म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. कान तसे मोठेच होते. तिनं स्क्रू बसवला, चष्मा स्वतःच्या हातानं त्याच्या नाकावर चढवला, आणि बोटं उगाचच क्षणभर त्या कानांपाशी रेंगाळली. झालं! पुढचं सांगायला नको.

पुढे एक घर झालं, घरात दोन उशा, दोन कप झाले. लग्न तेवढं राहून गेलं. आज करू, उद्या करू, तुझी सुट्टी, माझी सुट्टी... आणि ठमी काही कुणाच्या सुट्टीसाठी थांबली नाही. गोल गरगरीत, बिनदाताची ठमी एका पावसाळी सकाळी येऊन ठेपली.

दवाखान्यातली बाई बाळाची नोंद करायला आली. तिनं विचारलं, लग्न झालंय का. मास्तर रात्रभर जागा, केस पिंजारलेले. तो पटकन म्हणाला, "नाही. पण करून टाकू ना आपण लग्न. कागदपत्रांना सोपं पडेल."

हे वाक्य ऐकायचं म्हणून तिनं किती दिवस वाट पाहिली होती. आणि ते आलं ते असं, विजेचं बिल भरून टाकू म्हणावं तसं.

"नको," ती म्हणाली.

मास्तरचा चेहरा एवढुसा झाला. त्याला वाटलं, हिला लग्नच नको. तिला वाटलं, याला मी नको, सोय हवी. तेव्हापासून तो विषय दोघांनी कुलूप लावून ठेवला. बाकी सगळं छान चाललं होतं हो. तो ठमीला रोज अंघोळ घालायचा, हिच्या दुखऱ्या पाठीला शेक द्यायचा, भांडी घासायचा. पण तिच्या मनात एक काटा राहिला तो राहिलाच. कधीतरी यानं मला विचारावं. फक्त माझ्यासाठी विचारावं. बस.

मग आबांचा फोन आला.

लग्नाआधी मूल झालं म्हणून आबा आधी महिनाभर बोलले नव्हते. नंतर एके दिवशी त्यांनी फोन करून एकच विचारलं होतं, "कान कुणाचे घेतलेत?" तेव्हापासून राग गेला तो गेलाच. आता मात्र त्यांचा आवाज वेगळा होता. डोळे झपाट्यानं अधू होत चालले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"त्या फोनच्या पडद्यावर मला नुसतं धुकं दिसतं गं," ते म्हणाले. "पोरीला एकदा मांडीवर दे माझ्या. जवळून दिसेल अजून. मग गेले डोळे तर जाऊ देत."

ठमीला न्यायचं तर ठमीचा पासपोर्ट हवा. दोघं ठमीला घेऊन वकिलातीत गेले. खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आईवडलांच्या लग्नाचा दाखला?"

"नाहीये," ती म्हणाली.

"हरवला?"

"झालंच नाही लग्न."

बाईंनी तिघांकडे पाहिलं. ठमी बापाकडे बघून खिदळत होती. "मग दोघांनी माझ्यासमोर शपथेवर सांगायचं, मूल आमचं आहे म्हणून. ती तारीख वेगळी मिळते, मग पुढची तपासणी. वेळ लागतो. त्यापेक्षा दाखला आणलात तर पटकन होईल. भांडण तर दिसत नाही तुमच्यात. करत का नाही लग्न?"

तिनं मास्तरकडे पाहिलं. त्याचे ओठ उघडले, तो काहीतरी म्हणणार... आणि पुन्हा मिटले.

"लागू दे वेळ," तो म्हणाला.

"बरं. आणि हा फोटो चालणार नाही. बाळ हसतंय. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे पांढरं. धरणाऱ्याचा हातसुद्धा दिसता कामा नये."

"ती हसतेच हो," मास्तर म्हणाला.

"मग सांगा तिला, हसू नकोस म्हणून."

जिन्यात ती फणकाऱ्यानं पुढे निघाली. "लागू दे वेळ म्हणे! आबांचे डोळे थांबणार आहेत का?"

"नाहीत. म्हणून फोटो आत्ताच काढू या."

"एवढंच सुचलं तुला?"

तो बाबागाडी उचलून जिना उतरायला लागला. तिच्या मनात आलं, एकदा नको म्हटलं तर माणूस पुन्हा विचारतच नाही म्हणजे काय? आबांसाठीसुद्धा नाही? इतकं नकोसं झालंय याला लग्न?

फोटोवाल्या काकांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण पोरं त्यांना कळत होती. ठमीला खुर्चीत ठेवलं तर ती भोकाड पसरे. मास्तर समोर आला की बोळकं पसरून हसे. आईनं डोळे वटारले तर जास्तच हसे. शेवटी काकांनी कपाटातून पांढरी चादर काढली आणि हातवाऱ्यांनी समजावलं. बापानं खुर्चीत बसायचं, त्याच्यावर चादर घालायची, चादरीवर बाळ. बाप आतून धरणार, पण दिसणार नाही.

"भूत झालास," ती म्हणाली. रागातही तिला हसू आलंच.

"बाटली आण तिची," चादर म्हणाली. "बाहेर बाबागाडीत राहिली."

ती बाटली घेऊन परत आली तेव्हा काका कॅमेऱ्यामागे वाकले होते आणि चादर हळू आवाजात बोलत होती. ती दारातच थांबली.

"ठमे, ऐक. तुझी आई बाहेर गेलीय तोवर सांगतो. मला तिला विचारायचंय. दवाखान्यात विचारलं, पण माती खाल्ली मी. कागदाचं नाव काढलं. आज त्या बाई म्हणाल्या तेव्हा अगदी जिभेवर आलं होतं बघ. पण पुन्हा कागदासाठीच झालं असतं ते. जन्मभर तिला वाटलं असतं, पासपोर्ट अडला म्हणून केलं यानं. म्हणून आधी तुझा पासपोर्ट. त्यासाठी कुठेही चकरा मारीन, कुणाच्याही पाया पडेन. आणि तो आला, कशाचीच नड उरली नाही, की मग विचारणार. नाही म्हणाली तर... तर रोज एक चष्मा फोडीन. तिच्याशिवाय मला नाही जमायचं गं."

बापाला असं गंभीर बोलताना ठमीनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं, डोळे मोठे केले आणि जगाचा भार आपल्यावर आल्यासारखी समोर पाहत राहिली. खट्कन फोटो निघाला.

दारातली आई बाटली छातीशी धरून मागच्या पावली बाहेर गेली. नाक पुसलं. मग पाय आपटत, खोकत पुन्हा आत आली. "मिळाली बाबा एकदाची बाटली!"

वकिलातीनं दिलेल्या तारखेला तिच्यापाठोपाठ मास्तरनं शपथ घेतली. हे मूल माझं आहे आणि त्याची सगळी जबाबदारी माझी, असं त्यानं पोहणाऱ्या मुलांना हाक मारावी तशा आवाजात सांगितलं. सगळं दालन वळून पाहायला लागलं.

"ऐकू येतं मला," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "सावकाश."

त्यानंतर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दारावर टकटक झाली की ती धावत सुटे. तपासणीच्या कामासाठी तो इतक्या वेळा तिथे जाऊन बसला की खिडकीतल्या बाई त्याला ठमीची खबर विचारायला लागल्या. आणि एका दुपारी आला पासपोर्ट. आत ठमी, एखाद्या न्यायाधीशासारखी गंभीर. ठमीच्या आईनं तो मास्तरच्या हातात दिला आणि श्वास रोखून उभी राहिली.

"छान आलाय," तो म्हणाला, आणि ठमीचं पाणी तापवायला गेला.

आता काय म्हणावं या माणसाला! संध्याकाळ गेली, जेवण झालं, तिनं तिकीट काढलं, बॅग भरायला घेतली. मास्तर लंगोट मोजून देत राहिला. तिला वाटलं, आता आपणच विचारावं का? पण नाही. इतकी वाट पाहिली, तर आणखी थोडी.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात मागच्या टेबलावर बसलेली असताना दाराजवळ धडाम आवाज झाला.

"माफ करा हं," कुणीतरी आरशाला म्हणालं.

मास्तर बाबागाडी ढकलत आला आणि त्यानं चष्म्याचे दोन तुकडे टेबलावर ठेवले.

"मासे?" तिनं विचारलं.

"नाही गं. या वेळी खरंच त्याच्यावर बसलो. विचारात होतो."

तिनं स्क्रू उचलला. मान वर केली नाही. "कसला विचार?"

"पासपोर्ट आला ना?"

"आला."

"तिकीट झालं?"

"झालं."

"म्हणजे आता कुठे काही अडलेलं नाही? कुणाला कसला दाखला नकोय?"

"नाही."

"मग..." त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. "माझ्याशी लग्न करशील? त्याचा कशाला काही उपयोग नाही आता. मला तू हवीस, म्हणून विचारतोय. नुसतं तेवढ्यासाठी."

"हो," ती म्हणाली. "आणि माझ्याबरोबर आबांकडे चल. त्यांना तुझेही कान बघायचेत."

मास्तर बावचळला. "इतक्या पटकन? विचार तरी कर."

"केलाय. फोटोच्या दुकानापासून तोच करतेय."

"म्हणजे?"

तिनं जोडलेला चष्मा त्याच्या नाकावर चढवला, त्या मोठ्या कानांमागे नीट बसवला. आता कुठे त्याला दिसलं, तिचे डोळे भरून वाहत होते.

"चादर पांढरी होती, मास्तर," ती म्हणाली. "जाड नव्हती."

तो आधी लाल झाला, मग जो हसायला लागला तो थांबेचना. बाबागाडीतून ठमीनं ते पाहिलं आणि तीही बोळकं पसरून हसली. आता तिच्या हसण्याला कुणाची हरकत नव्हती.