खाजणवाडीचा कौल

बाबल सारंग सकाळपासून पेटीकडे बघत होता, आणि पेटी दर दहा मिनिटांनी त्याला एकच खरी गोष्ट सांगत होती : त्याच्या मुलाची, सिद्धेशची होडी तरंगते आहे आणि ठरलेल्या हद्दीत आहे. हद्दीत कुठे, हे ती सांगत नव्हती. सांगायचं नाही म्हणूनच तर ती बनवली होती.

जेवणाच्या डब्याएवढी ही पडताळपेटी खाजणवाडी बंदरातल्या बेचाळीसही होडीमालकांच्या घरात होती. साऱ्या किनाऱ्यावरच्या होड्यांची नोंदवही म्हणजे एक अगडबंब ब्लॉकचेन, मागाहून कुणालाच खोडता न येणारी. ती सांभाळायला शहरात यंत्रांनी भरलेल्या इमारती लागत. पेटीत त्यातलं काहीच नसे. उपग्रहावरून तिला चिमूटभर पुरावा यायचा आणि तेवढ्यावरून ती पापणी लवायच्या आत ताडून बघायची, की अख्खी वही नियमाप्रमाणेच लिहिली गेली आहे. कुणाच्या शब्दावर विसंबायला नको. शिवाय पुरावा शून्यज्ञानाचा : होडी हद्दीत आहे एवढं सिद्ध होई, जागा मात्र कुणालाच कळत नसे. मासळीची जागा सख्ख्या भावालाही न सांगणाऱ्या गावाला आणखी काय हवं होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. सिद्धेशने आपली जागा बापालाही सांगितली नव्हती. हे शिक्षण बापाचंच.

काल संध्याकाळी 'इंजिन बंद पडला' एवढं कळवून सिद्धेशचा वायरलेस मुका झाला. उरली पुरावे पाठवणारी छोटी बॅटरी, तीही आज संध्याकाळपर्यंत जेमतेम टिकणार होती. पाच होड्या शोधायला गेल्या होत्या, पण समुद्र म्हणजे काही घरापुढचं अंगण नव्हे.

जागा वहीत कुलूपबंद होत्या. कुलूप उघडायचं तर बेचाळीसपैकी एक्केचाळीस मालकांचा गुप्त कौल लागे, आणि तो दिवसातून एकदाच, दुपारी चारला मोजला जाई. जे मत आलं नाही ते नकारातच जमा. म्हणजे होडीत अडकलेल्या सिद्धेशचं स्वतःचं मतही त्याच्या विरुद्धच जाणार होतं, आणि बाकीच्यांपैकी एकही मत गळून चालणार नव्हतं. वर एकदा कुलूप उघडलं, की सगळ्यांच्याच जागा उघड्या पडत. खरं तर अभियंते प्रत्येक होडीला वेगळं कुलूप द्यायला तयार होते. सोसायटीचा अध्यक्ष म्हणून बाबलनेच त्यांना ठणकावलं होतं, "नको! संकटाचा निमित करून कोणय कोणाचाय कुलूप उघडीत. उघडूचा तर सगळ्यांचाच!" सभेत टाळ्या पडल्या होत्या.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. शोधायला गेलेल्यांनी निघण्यापूर्वीच मत घातलं होतं; तरी आज पेटी काखेला मारून बाबल दारोदार फिरला. "आमचा होयच आसा," असं जो तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला.

साडेतीनला तो दर्शना तारीच्या पडवीत आला. मुद्दामच शेवटी. गेल्या वर्षी तिचा नवरा उदय असाच वाहवत गेला होता. तेव्हाही कौल घेतला आणि दोन मतं कमी पडली. नवव्या दिवशी होडी सापडली, रिकामी. ती दुरुस्त करून आता दर्शना चालवत होती.

"बसा, काकानू."

"बसाक वेळ नाय गो. तुझा मत पडला काय?"

"नाय अजून."

"घाल गो बाय. हात जोडतंय. सांजेक बॅटरी संपतली, मगे तो खय आसा ता देवाकच म्हायत."

दर्शनाने हातातलं जाळं बाजूला ठेवलं. "गेल्या वर्सा तुमी काय दिलात?"

"होय दिलंय. तेव्हाच सांगलंय मां तुका."

"सांगलात. आता दाखवा. आपला मत आपणाक उघडून दाखवूक येता. तुमची पेटी हयच आसा."

पेटीपुढे खोटं बोलता येत नव्हतं, हाच तर तिचा मोठेपणा. पावणेचार होऊन गेले. त्याने अंगठा टेकवला.

पेटीवर अक्षरं उमटली : नाही. पडताळणी पूर्ण.

ऐन पापलेटाचे दिवस होते तेव्हा; आपली जागा उघडी पडू द्यायची नव्हती. दोन मतं कमी पडली होती, आपलं एक असतं तरी काय फरक पडला असता, असं त्याने वर्षभर स्वतःला समजावलं होतं. आता ती समजूत ओठांवर येईना. शरमेने त्याची मान खाली गेली.

दर्शना रडली नाही, ओरडलीही नाही.

"दुसरो कोण होतो?"

"नाय म्हायत. आयशप्पत नाय म्हायत गो."

तिने आपली पेटी उचलली, त्याच्याकडे पाठ केली आणि अंगठा दाबला.

चार वाजले. दोन्ही पेट्या एकदमच बोलल्या : होय चाळीस. कुलूप उघडणार नाही. मोजणी अचूक आहे.

बाबलच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला. "तियाच!" तो तिच्या अंगावर धावला. "तियाच मारलंस माझ्या पोराक!"

ती जागची हलली नाही. "मी होय दिलंय, काकानू."

"खोटा!"

दर्शनाने आपली पेटी त्याच्या पुढ्यात सरकवली आणि अंगठा तिच्यावर अधांतरी धरला.

बाबल तिथेच थबकला. पेटीवर 'नाही' उमटलं, तर निदान द्वेष करायला एक तोंड मिळेल. पण 'होय' उमटलं तर? ज्या बाईच्या नवऱ्याला त्याने समुद्रावर सोडलं, तिने त्याच्या पोरासाठी होय म्हटलं असेल, आणि सकाळी खांद्यावर ठेवलेल्या त्या हातांतला कुठलातरी हात खोटा असेल. कुठला, ते कुठलीच पेटी त्याला कधी सांगणार नव्हती. उद्यापासून त्या सगळ्यांच्याच शेजारी त्याला जाळी विणायला बसायचं होतं.

"सांगा, काकानू," दर्शना म्हणाली, "बघूचा आसा?"