कचेरीची तिसरी पायरी

दगडाला कान असतात की नाही, यावर डॉक्टर मेहरू तांबोळींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ते कान शोधूनच काढले होते. हिरण्यपूर संस्थानच्या जुन्या सचिवालयात त्यांची प्रयोगशाळा होती. त्या सकाळी समोर बसलेल्या इंदूताई खराडेही काही भाबड्या पर्यटक नव्हत्या. माती तपासणीत त्यांची बत्तीस वर्षं गेली होती.

"दगडातल्या गारगोटीच्या कणांत इलेक्ट्रॉन अडकतात, ते ठाऊक आहे मला," इंदूताई म्हणाल्या. "पण आवाज?"

"कुजबुज नाही अडकत. धक्का लागतो. किंकाळी, गोळी, घाव. म्हणून तर आमच्या इतिहासात कुणी हळू बोलत नाही." डॉक्टरांनी पेनाएवढी नादशलाका पुढे ठेवली. "हिचा प्रकाश पडला की अडकलेलं सुटतं आणि ऐकू येतं. पण सुटलं ते सुटलं! दगड कोरा होतो. मग जवळचा पुढचा मोठा धक्का त्यात बसतो, आणि पुन्हा वाचेपर्यंत दगड दुसरं काही घेत नाही."

"म्हणजे पाटी पुसण्यासारखंच."

"अगदी. म्हणून कचेरीची तिसरी पायरी तुमच्यासाठी राखून ठेवलीय. नोंदवहीत तिच्यापुढे काही लिहिलेलं नाही, म्हणजे कुणीच वाचलेली नाही. तुम्ही ऐकाल ते मलाही इथे ऐकू येईल."

उद्या कचेरीसमोरच्या गोळीबाराला शंभर वर्षं होणार होती. कचेरीपुढच्या स्तंभावर अकरा हुतात्म्यांची नावं होती. त्यांच्याखाली हुकूम देणाऱ्याचं नाव उद्या कोरायचं ठरलं होतं: हवालदार तात्याबा खराडे, इंदूताईंचे आजोबा. गावानं या घराला 'गोळीवाले' म्हणून वाळीत टाकलं होतं. इंदूताईंचं लग्न दोनदा मोडलं, ते त्या एका शब्दापायी. त्यांचे वडील आप्पा मात्र मरेपर्यंत सांगत, "माझा बाप 'थांबा' म्हणाला होता, इंदे. दगडाला विचार एकदा, दगड सांगेल." आप्पा याच प्रयोगशाळेत फिटर होते. पहिली शलाका त्यांच्याच हातची.

दिवसभराचं तिकीट काढून इंदूताई एकट्याच निघाल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात पाण्याची बाटली, शलाका पिशवीत. सोबत कुणी नको होतं.

न्यायमंदिरात वाचून ठेवलेल्या आवाजाची प्रत ऐकायला मिळे. त्यांनी कानाला यंत्र लावलं आणि फटक्यांचा आवाज सुरू झाला. सोळाव्या फटक्याला माणूस आईला हाक मारत होता, तिसाव्याला नुसता घशातून घरघरत होता. शेजारचं जोडपं खांबाचे फोटो काढत होतं. खजिन्याच्या दाराशी ऐकवलेल्या प्रतीत पहारेकऱ्याला जमाव दगडांनी ठेचत होता. "पोरं आहेत रे घरी!" तो ओरडला, मग हाड मोडलं, आणि लोक हसले. ते हसणं इंदूताईंना फटक्यांपेक्षा वाईट वाटलं. काय ही सहल, मेलं! त्या बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या. परत जावं असंही एकदा वाटलं, पण पाय कचेरीकडेच वळले.

दुपारी चार वाजता त्या तिसऱ्या पायरीजवळ खाली बसल्या.  त्यांनी शलाका दगडाला लावली.

"थांबा! गोळी घालू नका! थांबा!"

खराड्यांचाच आवाज. तोच खर्ज, तोच 'थां'वरचा जोर. इंदूताईंच्या डोळ्यांना धार लागली. कानातल्या यंत्रातून डॉक्टर ओरडल्या, "इंदूताई! सुटले तुमचे आजोबा! मी आत्ताच स्तंभाच्या समितीला फोन करते."

पण शलाका अजून बोलत होती. दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

टक-टक. टक.

इंदूताईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. पंखा असो, कुकर असो, दुरुस्ती झाली की आप्पा पान्ह्यानं असंच ठोकायचे. दोनदा, मग एकदा. आणि म्हणायचे, "बसलं."

पुढे काहीच नव्हतं.

"डॉक्टर, फोन करू नका."

"का हो?"

"गोळ्या कुठं आहेत? अकरा माणसं काय 'थांबा' म्हटल्यावर मेली? हा आवाज आप्पांचा आहे. त्यांनी पायरी आधीच वाचली होती, चोरून."

 डॉक्टर हळूच म्हणाल्या, "हे आपल्या दोघींशिवाय कुणाला कळणार नाही, ताई. मूळ आवाज तर आता जगात कुठंच नाही. कदाचित आजोबा खरंच…"

"बाप निर्दोष ऐकू आला असता, तर आप्पांनी त्या आवाजाची प्रत जिवापाड जपली असती. त्याच्या जागी स्वतः कशाला ओरडले असते?"

हे बोलल्यावर मात्र त्यांच्या आत काहीतरी फुटलं. आयुष्यभर ज्या शब्दावर त्या ताठ मानेनं चालल्या, तो शब्द बापानं बसवलेला होता. दोन्ही हातांनी काठी उचलून त्यांनी पायरीवर हाणली. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला काठी मोडली.

"आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं!" त्या किंचाळल्या. "तात्याबानंच गोळी घालायला लावली, आणि तुम्हाला ठाऊक होतं!"

कबुतरं उडाली. रखवालदार धावत आला आणि चार पावलांवर थबकला.

"इंदूताई," कानात डॉक्टर दबकत म्हणाल्या, "दगड कोरा होता. आता तुम्ही जे ओरडलात ते…"

इंदूताईंनी मोडक्या काठीचा तुकडा उचलला, पायरीवर दोनदा ठोकला, मग एकदा.

"बसलं," त्या म्हणाल्या. "उद्या नाव कोरा."