आखूड पेर

मंगळतळाचे दार उघडले तेव्हा आत दिवे लागलेले होते, हवा ताजी होती आणि माणूस कुठेच नव्हता. दोन वर्षांपूर्वी धुळीच्या वादळात संपर्क तुटला, त्या वेळी अच्युत एकटाच तळ सांभाळत होता. त्याची फिरती गाडीही जागेवर नव्हती. शोधायला आलेल्या पथकाचे प्रमुख फिरोज मुजावर यांनी आसपासचा प्रदेश धुंडाळला, आणि शेवटी शाल्मलीला बाजूला घेऊन सांगितले, की आता आशा धरू नये. पथकात ती वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आली होती. वाट मात्र बायको म्हणून पाहत होती.

ती हरितगृहात गेली. बांबूचे बेट नुसते माजले होते. तिथे वारा नाही, त्यामुळे कोंब लांबलचक वाढून आपल्याच भाराने वाकले होते. यंदाच्या कोंबांपैकी एकच ताठ उभा होता. त्याची पेरे आखूड आणि जाड होती. तिने फिरोजना बोलावले.

"याला रोज कुणीतरी हात लावतंय," ती म्हणाली.

मग तिने समजावले. दोन गाठींमधले पेर तळाशी, खालच्या गाठीच्या लगेच वर वाढते. वाढ एकदा पुरी झाली की ते पुन्हा तसूभरही लांबत नाही. वाढत्या पेराला सतत स्पर्श होत राहिला, तर झाडाला तो वारा वाटतो. ते लांबी आवरते आणि बळकट होते.

"पण ही खूण जुनी असेल ना, ताई?"

शाल्मलीने शेंड्याजवळचे ओलसर आवरण सोलले. आतल्या पेराची वाढ नुकतीच पुरी झाली होती. तेही आखूडच होते.

"ही याच आठवड्यातली आहे, फिरोज."

ती तिथेच बसून राहिली. अच्युत किती वाळला असेल, दाढी केवढी वाढली असेल, आधी रागवावे की नुसते बघत राहावे, हेच मनात घोळत होते.

तेवढ्यात छतावरच्या रुळावरून पाणी घालणारा यंत्रहात सरकत आला. कोंबापाशी थांबला, ओणवला, पेरावरून दोनदा हळुवार फिरला आणि शेवटी त्याने एक हलकी टिचकी मारली. अच्युत सकाळी तिला जागे करताना मनगटावरून असाच हात फिरवायचा.

फिरोजनी यंत्राची स्मृती तपासली. यंत्रहाताला नवी हालचाल शिकवायची तर माणसाला त्यात हात घालून ती करून दाखवावी लागते. अच्युतने ती दोन वर्षांपूर्वी, वादळानंतर शिकवली होती, दर हंगामातल्या पहिल्या कोंबासाठी. त्यानंतर तो तुटलेला अँटेना दुरुस्त करायला गाडी घेऊन निघाल्याचीही तिथे नोंद होती; परतल्याची नव्हती. शाल्मली येईल तेव्हा एक तरी कोंब उभा दिसावा, असे त्याला वाटले असेल.

दुसऱ्या दिवशी शाल्मली आधीच जाऊन उभी राहिली. तिने बाही वर सारली आणि कोंबाच्या पुढे आपले मनगट धरले. यंत्रहात आला, ओणवला. समोर काय आहे हे त्याला कळण्याचे कारण नव्हते. तो दोनदा फिरला आणि टिचकी मारून पुढच्या वाफ्याकडे निघून गेला.

ती रोज जात राहिली. पथकाचा मुक्काम हलेपर्यंत त्या कोंबाची नवी पेरे लांब लांब येत गेली आणि शेंडा इतरांसारखा वाकला.