एक प्यादं कमी

ही गोष्ट खोटी वाटली तर मला हसा, आजोबांना नको. त्यांनी ती माझ्या वडिलांना सांगितली तेव्हा आजोबा स्वतः अंथरुणाला खिळले होते. अशा माणसाला बाता मारायची हौस उरत नाही.

पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या पावसाळ्यात हे घडलं. बाजारकुणंगच्या रानातलं आमचं घर, आणि श्रावणातली काळोखी दुपार.

आजोबांचं नाव लखू. त्यांचा जिवाभावाचा दोस्त परशू ओढ्यापलीकडे राहायचा. भाताची लावणी उरकली की दोघं आमच्या पडवीत बुद्धिबळ मांडायचे. फणसाच्या फळीवर कोळशाने आखलेला पट, आणि परशूने स्वतः कोरलेली मोहरी; आजोबांची तेवढी काजळी लावून काळी केलेली.

परशू डोक्याने खेळायचा. आजोबा हट्टाने.

त्यांच्या खेळात एक जुना नियम होता. समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि नुसता राजा उरला, तर तो ‘बुर्ज’. म्हणजे डाव बरोबरीत. म्हणून जिंकणारा शेवटचं एक प्यादं मुद्दाम जिवंत ठेवायचा. हरणारा तेच प्यादं मारून घ्यायला धडपडायचा.

त्या दुपारी आजोबांकडे राजा आणि एकच प्यादं उरलं होतं. परशू त्या प्याद्याला हात लावत नव्हता.

चाल आजोबांची होती. प्यादं अडलेलं; राजा कोपऱ्यात सरकवायचा, एवढंच हातात होतं. पुढच्या चालीला मात.

आजोबांना ते केव्हाच दिसलं होतं.

पण ते बसून राहिले.

कारण दुसरी एक रीत होती. विचार करणाऱ्याला टोकायचं नाही, आणि डाव सोडून जो आधी उठेल त्याचा विजय गेला. परशूला दिवसाउजेडी ओढा ओलांडायचा होता. कंटाळून उठेल, अशी आजोबांची अटकळ.

“लख्या, पानी चढतंय रे,” परशू म्हणाला.

“बस की. चाल सुचतीया.”

परशू बसला. मारलेला एक घोडा हातात घेऊन फळीवर हलकेच आपटत राहिला. ती त्याची सवय.

टक… टक… टक…

बाहेर अंधारून आलं, तेव्हा तो उठला.

“मोडू नगंस. चाल तुजीच हाय. सकाळी येतो.”

आजोबा मनात खूश झाले. हो, खूश झाले. हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता. परशू दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला, मुळांत अडकलेला सापडला.

त्याची बायको केशर सुन्न बसली होती. तिच्यासमोर आजोबा बोलून गेले, “वैनी, मी लई सांगितलं, लवकर जा म्हनून. ऐकलंच न्हाई.”

स्वतःचं पाप मेलेल्या माणसाच्या माथी मारलं.

पडवीतला पट मात्र त्यांना मोडवेना. मोहरी तशीच राहिली.

काही दिवसांनी, अशाच एका पावसाळी दुपारी, आजोबा पडवीत बसले होते. आजी आतून आली. हातात गूळपाण्याचे दोन तांबे.

“दोन कशाला?” आजोबांनी विचारलं.

“कोन आलंय न्हवं? टकटक ऐकू आली.”

पडवीत कोणी नव्हतं.

समोरचा, परशू बसायचा तो पाट मात्र ओला होता… वरचं छप्पर गळत नव्हतं. आजोबांनी हात लावून पाहिला. पाणी थंडगार, आणि त्यात ओढ्याची रेती.

मग त्यांनाही ऐकू आलं.

टक… टक… टक…

घोडा फळीवर होता तिथेच होता. हलत नव्हता.

रोज पाऊस लागला की तेच. आवाजात राग नव्हता, आजोबांनी सांगितलं. तीच जुनी सवय. विचार करणाऱ्याला न टोकता वाट बघणं.

राग असता तर बरं झालं असतं, म्हणाले.

शेवटी एका संध्याकाळी त्यांना राहवेना. पाटासमोर बसून त्यांनी राजा उचलला आणि कोपऱ्यात ठेवला.

“ही घे चाल, परश्या. तवाच दिसली हुती मला. मुद्दाम बसवून ठेवलं तुला. मार आता. मात कर.”

टकटक थांबली.

बेडूक थांबले…

पाऊस पडत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

आजोबा डोळे मिटून बसले. काहीच झालं नाही. आत जाऊन त्यांनी दिवा पेटवला आणि बाहेर आणला.

पटावर चाल झाली होती.

मात नव्हती.

परशूचा हत्ती आजोबांच्या शेवटच्या प्याद्याच्या घरात उभा होता… आणि प्यादं नव्हतं.

बुर्ज.

जिंकलेला डाव परशूने सोडून दिला होता. आजोबा ढसाढसा रडले. त्यांना हरायचं होतं. तेवढं एक हवं होतं.

प्यादं त्यांनी सगळीकडे शोधलं. पडवी, अंगण, पागोळ्यांखालचा चिखल. मिळालं नाही.

सकाळी केशर आली. मूठ उघडून दाखवली.

“लखूदादा, हे तुमचंच न्हवं? ह्यांच्या पानाच्या चंचीत हुतं. त्या दिशी कमरेला हुती ती. सुकाया टांगली तवा उलटी करून झाडली हुती मी… कायबी नव्हतं आत.”

तिच्या तळहातावर काजळी लावलेलं प्यादं होतं. ओलं.



“शेवटचा डाव कोन जिंकलं?” तिने विचारलं.

आता सांगायचं. सगळं सांगायचं. आजोबांनी तोंड उघडलं.

“बुर्ज झाला, वैनी.”

परशू गेल्यापासून पहिल्यांदाच केशरच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“बरं झालं बाई. हरवून धाडलं न्हाईसा त्यांला.”

त्या हसण्यापुढे आजोबांना खरं बोलवलं नाही. पुढेही कधी नाही. प्यादं त्यांनी तिलाच ठेवायला सांगितलं. केशर म्हातारी होऊन गेली, तरी लखूदादांनी आपल्या नवऱ्याला लवकर जा म्हटलं होतं, हे कौतुकाने सांगत राहिली. आजोबा मान खाली घालून ऐकायचे.

ती मोहरी आज माझ्याकडे आहेत. कमी असलेल्या प्याद्याच्या जागी मी चिंचोका ठेवतो.

गेल्या श्रावणात पुतण्याबरोबर खेळत होतो. माझा डाव गेला होता. चाल एकच होती, पण पोराला सहजासहजी जिंकू कशाला द्यायचं, म्हणून मी उगीच कपाळाला हात लावून बसलो.

पाऊस लागला.

“काका,” पुतण्या म्हणाला, “काय वाजवताय?”

माझे दोन्ही हात कपाळावर होते. त्याचे मांडीवर.

मी घाईघाईने हरायची चाल खेळून टाकली…