तीन दिवसांची पाहुणी

"आत येताय, की दार लावू?"

ती दचकली. खाणीत उतरणाऱ्या पिंजऱ्यासमोर तिचे पाय जमिनीला खिळले होते. भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची सगळी पोरं बाईंबरोबर केव्हाच खाली गेली होती. आणि हिला, जिचा दगडांवर एवढा जीव, अंधारात उतरायच्या कल्पनेनंच घाम फुटला होता.

"मी... पुढच्या खेपेला येते."

"हे तुम्ही तिसऱ्यांदा म्हणताय," तो हसला. खाणीचा तरुण सर्व्हेअर; बगलेत नकाशांची गुंडाळी, गालावर काळा डाग. "मी पहिल्या दिवशी खाली पोचलो आणि चक्कर येऊन पडलो. मुकादमकाकांनी पोत्यासारखं खांद्यावर टाकून वर आणलं. तुम्ही निदान उभ्या तरी आहात!"

तिला हसू फुटलं आणि त्या हसण्याच्या भरातच ती पिंजऱ्यात शिरली. खाली पोचेपर्यंत तो बोलतच राहिला... काय बोलला ते तिला नंतर आठवेना. आवाज मात्र कानात रेंगाळत राहिला. खाली दिव्याचा झोत ओल्या भिंतीवर पडला, खनिजाची पिवळी शीर लखलखली—आणि भीती कुठल्या कुठे पळाली.

दुसऱ्या दिवशी खनिज वेगळं करायचा कारखाना. दगड भरडणाऱ्या यंत्रांपुढे बोलणं अशक्य. तो खुणा करायचा, ती मुद्दाम भलताच अर्थ लावायची. पुढच्या शेडमध्ये टाक्यांतून चमचमता फेस संथपणे वर येत होता.

"बुडबुड्यांना चिकटून खनिज वर येतं, दगडाची भुकटी खाली राहते," तो म्हणाला.

"म्हणजे जड ते तरंगतं, हलकं ते बुडतं? उलटाच कारभार!"

"हो ना..." तिच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "कालपासून माझंही तसंच चाललंय."

ती घाईघाईनं टिपणं काढू लागली. वही उलटी धरलीय, हे बाईंनी दाखवून दिलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना मुकादमकाका सहज बोलून गेले, "आपला सर्व्हेअर पोरगा सोमवारी परदेशातल्या खाणीवर चाललाय. दोन वर्षं."

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.

बस निघायच्या बेतात असताना तो धावत आला.

"सांगितलं का नाहीत?" तिनं विचारलं.

"तीन दिवसांच्या पाहुणीला काय सांगायचं... असं वाटलं होतं. पण तुम्ही पाहुण्या राहिलाच नाहीत." तो अडखळला. "मला तुम्ही आवडता. पण दोन वर्षं थांबा, हे कुठल्या तोंडानं म्हणू?"

बाई हाका मारत होत्या. तिनं डोळे पुसले.

"आमच्या विषयात लाख वर्षांपूर्वीच्या गोष्टीलाही 'नुकतीच' म्हणतात. दोन वर्षांचं काय घेऊन बसलात? थांबेन मी. रोज फोन करायचा, बस्स."

"अहो, पण—"

"अहो म्हणायची पाळी पुढं माझी येणार आहे," ती लाजत पायरीवर चढली. "तुम्ही आत्तापासून 'अगं' म्हणायला शिका."

बस हलली. मागच्या काचेतून तिनं पाहिलं... धुरळ्यात उभा राहून तो ओठांवर तोच एक शब्द घोळवत होता.